आप्पांच्या रेडिओचा कोड

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही — आणि ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे कसं बघाल, ते मला दिसणार नाही. म्हणजे यातही मी माझी सोय बघितलीच. सोय बघणं मला पहिल्यापासून जमतं.

गोष्ट गाडीतल्या रेडिओची आहे. एवढीशीच. हसू येईल कदाचित.

आमचं घर बेळगावात, शहापूरला. सासऱ्यांना सगळे आप्पाच म्हणायचे. कचेरीतून शिरस्तेदार म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी गाडी घेतली. तिच्यातल्या रेडिओला चोरीच्या भीतीनं कोड दिलेला होता. बॅटरीची वायर काढली की रेडिओ मुका व्हायचा, आणि पुन्हा जोडल्यावर चार आकडे मागायचा. ते दिल्याशिवाय बोलणं नाही. कोडचं कार्ड लोक गाडीतच ठेवतात, कागदपत्रांच्या पाकिटात. मग चोराला शोधायचे तरी कष्ट कशाला, असं म्हणून आप्पांनी आकडे पाठ केले आणि कार्ड फाडून टाकलं.

मला गाडी चालवायला आप्पांनीच शिकवलं. माझा नवरा सुरेश तेव्हा हसला होता. सुनेला कशाला हवी गाडी, म्हणणारे पाहुणेही होते. आप्पा मला जांबोटीच्या रस्त्यावर घेऊन जायचे. समोरून म्हशी आल्या की गाडी बंद पडायची, आणि ते शांतपणे म्हशी जाईपर्यंत थांबायचे. तिथंच एकदा त्यांनी मला ते आकडे सांगितले.

"तुझ्याजवळ ऱ्हाऊ देत, पोरी. सुऱ्याला सांगू नको, त्येचं डोस्कं गळकं हाय."

मी आकडे म्हणून दाखवले. त्यांना बरं वाटलं. मला तर फारच बरं वाटलं होतं.

मग आप्पांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. व्हय आणि न्हाय, एवढेच शब्द धड उरले. संध्याकाळी मी शाळेतून आले की ते काठी फरशीवर आपटायचे. म्हणजे गाडीत बसायचं. गाडी दारातच पत्र्याखाली उभी. त्यांना धरून पायऱ्या उतरवायचं, सीटवर टेकवायचं, पाय उचलून आत घ्यायचे, आणि स्टिअरिंगपाशी आपण बसून राहायचं. धारवाडच्या कानडी बातम्या, मग सांगलीची मराठी गाणी. आवाज कमी-जास्त ते डाव्या हातानं करायचे. गाडी कुठेच जायची नाही. आत कणीक भिजवायची पडलेली, पेपर तपासायचे पडलेले. सुरेशची नोकरी चिकोडीला, तो यायचा जेवायच्या वेळेला.

मी कंटाळले होते. त्यांनी मला कधी त्रास दिला नाही, कधी उणा शब्द बोलले नाहीत, तरीही. त्या काठीचा आवाज आला की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

त्या वर्षी पाऊस लागून राहिला. गाडी नुसती उभी राहणार असली की बॅटरी उतरू नये म्हणून वायर सोडून ठेवायची आमच्याकडची पद्धत. आप्पा आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच तशी सुरेशनं ठेवली होती; त्याआधी आकडे आप्पाच दाबायचे. उघडीप झाली, आणि काठी वाजली. मी वायर जोडली. आप्पांना आणून बसवलं. रेडिओनं कोड मागितला. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. आकडे त्यांना आठवत होते का? माहीत नाही. ती बारीक बटणं त्यांच्या बोटांना जमत नव्हती, एवढं खरं. मला आकडे आठवत होते. आजही आठवतात.

आणि मी चुकीचे दाबले.

घाईत चुकले, असं म्हणता आलं असतं — पण मी पुन्हा दाबले, आणि पुन्हा मुद्दाम चुकीचेच. मग रेडिओनं स्वतःला कुलूप लावून घेतलं. तासभर तसाच चालू ठेवला तर तो पुन्हा विचारतो, हेही मला ठाऊक होतं, आप्पांनीच शिकवलेलं. मी चावी काढून घेतली.

"आकडं ध्यानात न्हाईत बघा, आप्पा."

त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. थोपटला. मला समजावत होते ते.

सुरेश आल्यावर त्यानं विचारलं, "तुला ठाऊक हाय काय गं कोड?"

"मला कधी सांगितलाच न्हाय आप्पांनी." हे मी आप्पांच्या देखत म्हणाले. ते खुर्चीत समोरच बसले होते.

"काय आप्पा? कुणाला सांगितलासा काय?"

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. राग असता तर — असता तर काय? त्यांना एक शब्द पुरेसा होता, आणि तो त्यांना येत होता.

"न्हाय," आप्पा म्हणाले.

रेडिओचा सेट काढून त्याच्यावरचा नंबर शोरूममध्ये दाखवला तर कोड मिळतो, असं सुरेशला कुणीतरी सांगितलं. मी विचारून येते म्हणाले. गेलेच नाही. जुना सेट आहे, मिळत नाही, असं सांगून टाकलं. सुरेशनं मोबाइलवर गाणी लावून दिली, ती आप्पांनी बाजूला सारली. गाडीत बसायला त्यांना काहीतरी निमित्त लागत होतं, आणि ते मी काढून घेतलं होतं. काठी पुन्हा वाजली नाही. मला माझी संध्याकाळ मिळाली. काय केलं मी तिचं? मोबाइल बघत पडून राहायची. त्यातलं आज काहीही आठवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, हिला धक्का बसलाय, फार केलं हिनं सासऱ्याचं.

यंदा गाडी निपाणीच्या एका मास्तरांना विकली. ते यायच्या आदल्या दुपारी मी वायर जोडली, रेडिओचं कुलूप निघेपर्यंत तो तासभर चालू ठेवला आणि बरोबर आकडे दाबले. रेडिओ लगेच सुरू झाला. वायर काढली की लावून ठेवलेली स्टेशनंही पुसली जातात. नुसती खरखर होती. आता काहीतरी वाटेल म्हणून मी बसून राहिले. काहीच वाटलं नाही. मग पाना घेतला आणि वायर पुन्हा सोडली. रेडिओ चालू दिसला असता तर सुरेशनं विचारलं असतं.

"रेडिओ बंद हाय काय?" मास्तरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"कोड लागतोय त्याला," सुरेश हसला. "आमच्या आप्पांनी कुणालाच सांगितला न्हाय. संगं घिऊन गेलेत."

मास्तरही हसले. मी चहा दिला.

आता घरात ती गंमतच झाली आहे. किल्ली सापडेना, चष्मा सापडेना, की कुणीतरी म्हणतं, आप्पा घेऊन गेले असतील कोडाबरोबर. सगळे हसतात. मीही हसते.

आप्पांनी सांगितला होता. मला सांगितला होता.