गावाची वेस आणि आमचं खळं

आमच्या गावाची वेस बहात्तरच्या दुष्काळात पडली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. शाळेत मुलांनी विचारलं तेव्हा हेच सांगितलं. लातूर-नांदेडकडच्या जुन्या वास्तूंची माहिती गोळा करणारी तरुण मंडळी घरी आली, तेव्हाही हेच सांगितलं आणि बोलणं औशाच्या किल्ल्यावर नेलं. त्यांनी तसंच टिपून घेतलं. खरं सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. वेस पडली नाही, पाडली. आणि ती पाडावी लागली ती माझ्या बोलण्यामुळे.

आमचं गाव अहमदपूरहून उदगीरकडे जाताना लागतं. उदगीरला, कंधारला किल्ले आहेत, लोक लांबून बघायला येतात. आमची वेस बघायला कधी कुणी आलं नाही. काळ्या दगडाची कमान, वर पडका नगारखाना आणि आत शिरलं की लगेच डावीकडे वळण. शत्रूच्या हत्तीला सरळ धावत येता येऊ नये म्हणून वेस अशी वाकडी बांधली, असं म्हातारे सांगत. आमच्या गावावर हत्ती कशाला चालून येईल, हे कुणी विचारत नसे. वळणाच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या होत्या, दगडी ओटा असलेल्या लहान खोल्या. उन्हाळ्यात बाहेरचा फुफाटा पायाला चटके द्यायचा आणि कमानीखाली आलं की मानेवर कुणी गार हात ठेवल्यासारखं वाटायचं. तिथे वटवाघळांचा, दगडाच्या ओलीचा आणि बांगड्यांच्या पेटीतल्या वाळल्या गवताचा मिळून एक वास असे. अजूनही कुठल्या जुन्या इमारतीत शिरलो की माझं नाक आधी तो वास शोधतं. सापडत नाही.

बांगड्यांची पेटी कासारीण मावशीची. ती डावीकडच्या देवडीत बसायची. मूळची निलंग्याकडची, नवरा गेल्यावर लहान मुलाला घेऊन आमच्या गावात आली आणि त्या देवडीत तिनं दुकान थाटलं. पुढे गावात रीतच पडली. सासरी निघालेल्या लेकीची गाडी वेशीत थांबायची, मावशी तिच्या हातात एक हिरवी बांगडी भरायची आणि मगच गाडी बाहेर पडायची. त्या बांगडीचे पैसे ती घेत नसे. लेक माहेरी आली की घरी जायच्या आधी देवडीपाशी थांबून हात दाखवायची. माझ्या थोरल्या बहिणीची बांगडी पहिल्याच खेपेला हातात नव्हती.

"कुणी वाढवली गं? नवऱ्यानं का सासूनं?" मावशीनं विचारलं.

"म्हशीनं," बहीण म्हणाली. "लाथ मारली."

"मग म्हशीला आण हिकडं, तिला भरते," असं म्हणून मावशीनं तिला दुसरी बांगडी भरली. मी बहिणीची पेटी डोक्यावर घेऊन उभा होतो. वेस आठवली की मला पहिल्यांदा तेच आठवतं, त्या दोघींचं त्या गारव्यातलं हसणं.

पुढे दुष्काळ आला. मी तेव्हा गावच्याच शाळेत मास्तर होतो. गावातला आड कोरडा पडला. टँकरनं पाणी आणायचं, आडात ओतायचं आणि लोकांनी तिथून शेंदून घ्यायचं असं ठरलं. पण टँकरला वेशीतलं वळण घेता येईना. तो बाहेरच उभा राहायचा, तिथेच बायकांची झोंबाझोंबी व्हायची आणि निम्मं पाणी मातीत जायचं. एका म्हातारीचा हात मोडला, तेव्हा तालुक्याचे साहेब बघायला आले.

गावात शिरायला दुसरी वाट होती. गावामागे आमचं खळं होतं. त्याची रस्त्याकडची भिंत काढली की टँकर सरळ आडापाशी गेला असता. साहेब येणार हे कळलं तेव्हा वडील मला म्हणाले, "एकदा खळ्यातून वाट दिली की ती वहिवाट झाली. मग ती बंद करायला कोरटात जावं लागतंय. तू शिकलेला हायस. साहेबाला तूच बोल."

वेशीत सगळं गाव जमलं. साहेबांनी विचारलं, "दुसरीकडून वाट नाही का? नाहीतर वेस पाडावी लागेल." वडील पुढेच उभे होते. त्यांच्यासमोर कुणी बोलेना. मावशी देवडीतून म्हणाली, "हाय की. मास्तराच्या खळ्यातून. भिंत काढली की झालं."

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "खळ्याखाली पेव आहे, साहेब. जमीन पोकळ आहे. भरला टँकर आत जाईल."

पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीखालचा खड्डा. आमच्या खळ्यात पेव होतं, हे खरं. पण माझ्या लहानपणीच आजोबांनी ते दगड आणि मुरूम घालून बुजवलं होतं. त्यावर मी गोट्या खेळलो होतो. म्हाताऱ्या माणसांना हे माहीत होतं, पण वडिलांकडे बघून तीही गप्प राहिली. मावशी गावात नंतर आलेली. तिला कुठून माहीत असणार?

ती देवडीतून उठून बाहेर आली. मग म्हणाली, "आसं व्हय. मास्तर म्हणतोय म्हंजी आसंल. डायवर बी कुणाचं तरी लेकरूच हाय." आणि साहेबांना म्हणाली, "पाडा मग. हिनं हत्ती आडवले म्हणं. आता पाणी आडवाया लागली तर काय करायची?" लोक हसले. साहेबांनाही हसू आलं. ती स्वतः राजी झाली, म्हणून पुढे कुणी हरकत घेतली नाही.

दुष्काळी कामावरच्या लोकांनीच वेस उतरवली. तिचे दगड फोडून खडी केली आणि ती रस्त्यावर पसरली. मावशी काही दिवस वेशीच्या जागेजवळच्या लिंबाखाली पेटी मांडून बसली. पण तिथं सावली टिकत नव्हती, आणि लेकी थांबत त्या वेशीत. लिंबाखाली कोण थांबणार? मुलाला लातूरला डाळ मिलमध्ये काम लागलं, तशी ती निघाली. तिची पेटी मीच एसटीच्या टपावर चढवली. खिडकीतून ती म्हणाली, "तुझ्या बायकूला बांगडी भरायची राहिली की रं."

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. गाडी गावात शिरताना बायकोनं पदराआडून हळूच विचारलं, "वेस कुठाय?" माहेरी तिला कुणी तरी आमच्या वेशीचं सांगितलं होतं. मी लिंबाकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "हितं होती."

काही वर्षांनी उस्मानाबादमधून आमचा भाग काढून लातूर जिल्हा झाला. रस्ते मंजूर झाले. गावाचा नवा रस्ता नेमका आमच्या खळ्यातून गेला. रोलर फिरत होता आणि वडील काठीवर हनुवटी ठेवून बघत होते. शेजारचे काका मला म्हणाले, "मास्तर, पेव लई दमाचं निघालं की तुमचं." आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

मुलीच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला आम्ही लातूरला गंजगोलाईत गेलो. एका दुकानात गादीवर मावशी बसलेली. केस पांढरे झाले होते, पण बोटं तीच. तिनं मला आवाजावरून ओळखलं. मुलीचा तळवा दाबत, बांगड्या चढवत ती गावातल्या एकेका घराचं विचारत होती. माझी बायको म्हणाली, "मावशी, मी वेस बघितलीच न्हाई. कशी होती?" मावशीनं हातातलं काम थांबवलं आणि दोन्ही हातांनी हवेत कमान करून दाखवली. कुठं ऊन यायचं, कुठं ती पाण्याचा माठ ठेवायची, कोणत्या दगडाला टेकलं की पाठ निवायची, सगळं सांगितलं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही ऐकत राहिली.

मग ती माझ्याकडे वळली. "तुमच्या खळ्यातून आता यष्टी जाती म्हणं?"

"हाव."

"आन ते पेव?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता, तिला खरोखर काळजी होती. बायको आणि मुलगी माझ्याकडे बघत होत्या.

"बुजवलं, मावशी. नंतर."

"बरं केलंस," ती म्हणाली. "माझ्या मनात सारखं यायचं, एखादं लेकरू पडंल त्यात." आणि पुन्हा मुलीचा हात हातात घेतला.

त्यानंतर मी लातूरला एकटाच गेलो. एसटीत बसल्यापासून एकच वाक्य मनात घोळवत होतो. दुकानात तिची सून होती. मावशी पावसाळ्यातच गेली, असं ती म्हणाली आणि मला बसायला सांगितलं. मी बसलो. तिनं पाणी दिलं, काय काम काढलं म्हणून विचारलं. सहज आलो होतो, असं सांगून उठलो. मनातलं ते वाक्य एवढंच होतं: मावशी, पेव माझ्या लहानपणीच बुजवलेलं होतं, वाट होती आणि मला ती माहीत होती, मला माफ कर.