ओदिलोनचा उजवा हात

ओदिलोन गेला. ट्रकच्या मागच्या फळीवर उभा होता. वळणावर धरायला एकच हात, तो सुटला.

दुसरा सीमेपलीकडे उत्तरेत राहिलेला. कोंबड्या कापायच्या कारखान्यात यंत्रात गेला आणि इस्पितळाने कचऱ्याबरोबर जाळला.

"विचारलंसुद्धा नाही गं," परत आल्यावर तो मला म्हणाला. मी शहरात जाऊन साहित्य शिकले, म्हणून भाषेचं काहीही तो माझ्यापाशी आणायचा. "त्यांच्या इंग्रजीत हात नुसताही असतो. कोणाचाच नाही, मडक्यासारखा. पुढे एक शब्द लावला की माझा. माझा हात, माझं मडकं, माझा साहेब, सगळ्याला तोच शब्द. आपल्या झापोतेक भाषेत मडकं नुसतं म्हणता येतं. माझं करायचं तर त्याला वेगळा शब्द जोडावा लागतो. आता हात नुसता म्हणून दाखव, पंडितीणबाई."

जमलं नाही. आमच्याकडे हात आणि आई हे शब्द कोणाचा, कोणाची ते सांगितल्याशिवाय तोंडातून निघत नाहीत.

"तरी जाळला," म्हणाला आणि हसला.

आता त्याची आई, माक्रिना मावशी, प्रेताशेजारी लाल माती मळत होती. मेल्यावर नदी लागते. काळा कुत्रा पलीकडे नेतो, त्याची मान दोन्ही हातांनी धरावी लागते. ओदिलोनच्या डाव्या हाताकडे बघत तिने उजवा घडवला. पण मयताच्या घरी भट्टी पेटवत नाहीत. आणि कच्ची माती नदीत विरघळणार.

शेजारची गुदेलिया दारात आली. "दे इकडे. माझ्या अंगणात मयत नाही."

"तुझी भट्टी बाटेल."

"बाटू दे. तुझ्यापेक्षा माझं भाजणं चांगलं, एवढं आज तरी कबूल कर."

मावशीने हात दिला. माती ओली होती, वाळायला वेळ नव्हता. भट्टीतून आला तेव्हा अंगठा तुटलेला होता.

गुदेलिया मान खाली घालून उभी राहिली. वेणीतली फीत सोडून मावशीने तो हात ओदिलोनच्या उजव्या, थोट्या मनगटाला बांधला. मग त्याच्याशी बोलली. त्या हाताला तिने मडक्याला जोडतात तोच वेगळा शब्द जोडला.

"हा माझा आहे, बाळा. मी केलेला. तुझा नाही मिळाला."

लोक शवपेटीचं झाकण घेऊन आले. मावशीने माझा दंड धरला.

"तू शिकलेली आहेस. अंगठ्याशिवाय घट्ट धरता येतं का गं?"

खिळे ठोकायला सुरुवात झाली.