बुटातली वाळू

आंब्याच्या कलमांचा मोहोर बघायला माणूस गावावरच्या कातळमाळावर, सड्यावर जातो, तर त्याच्या पायाला तांबडी माती लागायला हवी की नको? काशीराम रोज पहाटे "सड्यावर जाऊन येतो" म्हणून निघायचा आणि परतायचा तो कपड्यांत समुद्राची वाळू घेऊन. सगुणा काय दूधखुळी नव्हती. नवऱ्याचे कपडे इतकी वर्षं तीच धूत होती.

त्यात पन्नाशी उलटलेल्या या बाबानं भाताच्या कणगीमागे नवेकोरे बूट लपवलेले. रात्रीचा भातही कमी केलेला. परवा तर कहरच झाला! पडवीत त्याच्या मोबाईलमधून बाईचा आवाज आला, अगदी लाडिक: "शाब्बास! घाई नको हं. उद्या पुन्हा भेटू." आपला माणूस हातचा चालला, असं वाटून सगुणा चुलीपुढे बसून रडली.

दुसऱ्या पहाटे ती गुपचूप त्याच्या मागे निघाली आणि भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडाआड उभी राहिली. बाई कुठं दिसेना. काशीराम आपला एकटाच. खांद्यावर ओल्या वाळूचं पोतं, कानात मोबाईलची वायर. थोडा चालायचा, थोडा धावायचा, धापा टाकत थांबायचा, पुन्हा चालायचा.

"अवो, ह्ये काय चाललंय?"

तो दचकला. पोतं खाली पडलं.

"शिमग्याची तयारी," तो ओशाळून म्हणाला. "मोबाईलच्या ॲपमधली बाई शिकवते, नवख्यानं धावायचं कसं ते. आधी नुसतं चालायचं, मग हळूहळू वाढवायचं. सुरुवातीला त्या होडीपर्यंत जाताना जीव गेला. आता खाडीच्या तोंडापर्यंत जातो. खांद्याला वजनाची सवय हवी, म्हणून पोतं घेतलंय ते अलीकडेच."

गेल्या शिमग्यात ग्रामदेवीची पालखी नाचवताना त्याला धाप लागली होती. घराण्याच्या मानाचा खांदा मध्येच चुलतभावाला द्यावा लागला. यंदाही तसंच झालं तर मान कायमचा जाणार होता.

"मग माझ्यापासून कशाला लपवलंत? मी काय परकी?"

"सगळा गाव हसला गं तेव्हा," काशीराम म्हणाला. "पण मला ऐकू आलं ते तुझं हसणं."

सगुणा हसली होती खरी, बायकांच्या घोळक्यात, तोंडाला पदर लावून. ती खाली बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"ह्ये काय करतेस?"

"देवीच्या पालखीखाली बूट घालून जाणार काय?"

हे काशीरामच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगुणानं बुटातली वाळू झटकली, बूट काखेत मारले आणि ती चालायला लागली.

"चला, आता अनवाणी. पुन्हा पहिल्यापासून, आधी त्या होडीपर्यंत."