जास्वंदीच्या कुंडीतली माती

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आमच्या ह्यांना ठाऊक नाही, लेकीला नाही, उपासनेत शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला नाही. प्रार्थनेत डोळे मिटले की ती हमखास आठवते, आणि तेव्हाही मी तिला वळसा घालून पुढे जाते — आजाऱ्यांसाठी मागते, परीक्षेच्या मुलांसाठी मागते, आमेन म्हणून उठते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

ओळखत असता तर तुम्हीही म्हणाला असता, ताई, तुमच्यासारखं नियोजन कोणाला जमत नाही. परभणीतल्या आमच्या चर्चच्या मंडळीत नाताळ जवळ आला की पहिला फोन मला येतो. मैदा किती आणायचा, करंज्या कोणाच्या घरी, चकल्या कोणाच्या, गाणी म्हणणारी मुलं आधी कोणत्या गल्लीत जातील — सगळं मी ठरवते. फ्रिजवर कामांची यादी असते, काम झालं की त्यावर रेघ. माझ्या हातून काही सुटत नाही असं लोक म्हणतात. ते ऐकायला मला आवडतं. फार आवडतं.

आत्याबाई यावरूनच माझी थट्टा करायच्या. आत्याबाई म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सेलूजवळच्या खेड्यात एकट्या राहायच्या. दर डिसेंबरात रेल्वेने आमच्याकडे यायच्या, काखेत मातीचं गाठोडं. दारात पाऊल टाकलं की आधी फ्रिजवरची यादी बघायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या घरी देवदूत बी आधी टाइम घेऊन येत असंल बाई."

गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा मातीचा देखावा, त्यांची होती. आमच्या घरातल्या नाताळात बाकी सगळं माझं, पण गव्हाणी त्यांची. शेतातली काळी माती चाळून, त्यात जिनिंगमधून आणलेली रुई पिंजून मळायच्या. काळी माती वाळताना भेगाळते, रुई तिला धरून ठेवते. भट्टी वगैरे काही नाही, नुसतं सावलीत वाळवायचं. बोटाएवढी माणसं. निळीनं रंगवलेलं लुगडं नेसलेली मरीया, डोईवर पदर. मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडी. उंटाची मान वाकडी. बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या तिघा मागी राजांच्या मुकुटांत एकेक हिरवा मणी — आत्याबाईंच्या तुटलेल्या पोतीतला, दुसरीकडे कुठे मिळणार नाही असा. आणि मेंढरं. घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाचं एक मेंढरू गव्हाणीत यायचं. दरवर्षीच्या गाठोड्यातली माती अशा नव्या मूर्तींना आणि जुन्यांच्या डागडुजीला. आमच्या लेकीच्या, एस्तेरच्या मेंढराचा एक कान दुमडलेला होता, कारण लहानपणी ती झोपेत कान दुमडून घ्यायची.

नाताळ संपला की ही सगळी मंडळी जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, आमच्या माळ्यावर. पुढच्या वर्षी आत्याबाई येण्याआधी त्यांना दिवसभर ऊन दाखवायचं. ते काम माझं. यादीत असायचं.

एस्तेर शाळेत होती त्या वर्षी मी ते काम विसरले.

नाही — असं नाही. इतकी वर्षं मी स्वतःलाही असंच सांगत आले आहे, की विसरले. नीट सांगते.

मी मूर्ती गच्चीवर मांडल्या होत्या, सुपात, ओळीने. खाली मंडळीतल्या बायका चकल्या करायला जमल्या होत्या. तेल तापलेलं, सोऱ्यात पीठ भरलेलं, मी एकीला हे सांग, दुसरीला ते सांग, असं चाललेलं. दुपारीच अंधारून आलं. डिसेंबरात कधी कधी अवकाळी येतो तसा. एक बाई खिडकीतून बघत म्हणाली, "वर काही वाळत घातलंय का हो ताई?"

मला आठवलं. त्या क्षणी, लख्ख. सूप, ओळ, दुमडलेला कान — सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि मी म्हणाले, "नाही, काही नाही."

का म्हणाले? तेल वाया गेलं असतं म्हणून? चार थेंब पडून जाईल असं वाटलं म्हणून? की एवढ्या बायकांसमोर हातातला झारा टाकून, अय्या विसरलेच की, असं म्हणत जिन्याने धावायचं नव्हतं म्हणून? मला वाटतं हेच. माझ्या हातून काही सुटत नाही ना.

पाऊस चांगला तासभर पडला. बायका डबे भरून गेल्यावर वर गेले. सुपात चिखल होता. त्यात निळीचा एक ओघळ. उंटाची मान तेवढी ओळखू येत होती. मी सगळं घमेल्यात खरडून मागच्या अंगणातल्या जास्वंदीच्या कुंडीत ओतलं, वरून कोरडी माती पसरली, सूप धुतलं. चिंध्या घडी करून पेटीत ठेवल्या. गच्चीवर पाणी मारलं. हे सगळं मी पद्धतशीर केलं, यादीतलं काम असावं तसं.

आत्याबाई आल्या. मी पेटी समोर ठेवली आणि सांगितलं, उघडली तर आत सगळ्याचा भुगा झालेला होता, आपोआप. भुगा मी घंटागाडीत दिला.

त्यांनी पेटीत हात घालून तळ चाचपला. मग विचारलं, "भिजलं तर न्हाई ना गं कुठं?"

"नाही," मी म्हणाले.

"मणी बी गेले?"

"भुग्यातच गेले असतील."

पाऊस त्यांच्या गावीही झाला होता. त्यांनी तो विषयसुद्धा काढला नाही. मी नाही म्हणाले म्हणजे नाही. मी घरातली खात्रीची बाई. त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले. म्हणाल्या, "मग माझ्याच मळण्यात खोट राह्यली." आणि संध्याकाळी त्यांनी एस्तेरला आणि तिच्या भावाला जवळ बोलावून — एवढ्याशा लेकरांना — सांगितलं की आजीनं तुमचा नाताळ बिघडवला, राग मानू नका. ह्यांनाही तेच म्हणाल्या. मी तिथेच होते. करंज्यांचं सारण ढवळत होते.

तुम्हाला वाटत असेल, त्या वेळी बोलता आलं असतं. आलं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून प्लास्टरचा संच आणला. चकचकीत, सोनेरी काठांचा. आत्याबाईंनी मागी राजांपैकी एकाला उचलून उजेडात धरलं. "लय गोरे हायेत गं हे. साबण विकायला आलेत का काय?" सगळे हसले, मीही. पण पुढच्या डिसेंबरात त्या आल्या तेव्हा काखेत मातीचं गाठोडं नव्हतं. गूळ आणला होता. त्याच्या पुढच्या वर्षीही गूळच.

आता गुडघे गेल्यामुळे त्या कायमच्या आमच्याकडे राहतात. करंज्या अजून अशा लाटतात की कडेला मुरड कुठे सुरू झाली ते दिसत नाही. हात तेच आहेत. त्या हातांत खोट कधीच नव्हती, आणि हे या घरात फक्त मला माहीत आहे.

यंदा एस्तेर कॉलेजातून सुट्टीला आली ती हट्ट धरूनच. आजी, मला मातीची गव्हाणी शिकव, माझं मेंढरू कर, मोबाइलवर बघून मी केलेली सगळी तडकतात. आत्याबाईंचा चेहरा आधी उजळला, मी पाहिला. मग त्या म्हणाल्या, "माझ्याकडून नको शिकू बाळा. माझी माती टिकत न्हाई. लेकरांच्या नावाची मेंढरं होती ती. भुगा झाला त्येंचा. पुन्हा कशाला?"

मी बाजूला दारात लावायच्या नाताळच्या चांदणीच्या कामट्या बांधत बसले होते. आत्याबाई समोर, एस्तेर समोर, घरात आणखी कोणी नाही. मी दोऱ्याला गाठ मारली. त्यावर आणखी एक गाठ मारली. एस्तेर रुसून उठून गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळची गोष्ट. जास्वंदीला पाणी रोज आत्याबाईच घालतात. मी त्यांना कधी नको म्हणू शकले नाही, काय सांगून म्हणणार? त्या दिवशी खुरपं घेऊन कुंडीची माती मोकळी करत होत्या. आत आल्या, ओट्यापाशी थांबल्या आणि मूठ उघडून काहीतरी ओट्यावर ठेवलं. हिरवा मणी. पुसून आणलेला.

"कुंडीत घावला," म्हणाल्या.

मी सोऱ्यात पीठ भरत होते. म्हणाले, "एस्तेरच्या जुन्या फ्रॉकचा असेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी आजारी आहे का, असं बघावं तसं. "असंल," म्हणाल्या, हात धुतले आणि पोळपाट ओढून करंज्या लाटायला बसल्या.

नाताळ परवावर आला आहे. चांदणी दारात लागली, प्लास्टरचा संच मी मांडला, यादीतल्या सगळ्या कामांवर रेघा पडल्या. मणी अजून ओट्यावर खिडकीशी आहे. सकाळी मी ओटा पुसते तेव्हा त्याच्या भोवतीने फडकं फिरवते. दुपारी आत्याबाई पीठ मळतात, त्याही परात जराशी अलीकडे ओढून घेतात.