चार अक्षरांची खिडकी

जलीलभाईंचा कॉम्प्युटर मी बिघडवला, तोही दुरुस्त करायला जाऊन. लातूरच्या आमच्या क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो. त्यामुळे यंत्रांतलं आपल्याला कळतं, असा माझा जुना गैरसमज आहे. जलीलभाई चहाला गेले होते. पडद्यावर चारच अक्षरं, उशीएवढी, काळ्यावर पिवळी. माऊस हलवला तर सगळं पान सुसाट पळालं. व्हायरस! मी सापडतील ती बटणं दाबली, सेटिंगमधलं सगळं पुसलं आणि अक्षरं मुंगीएवढी झाल्यावर कॉलर ताठ केली.

जलीलभाई आले. पडद्याला नाक लावलं.

“सर, इथं कोण काय करून गेलं?”

जलीलभाईंची नजर जन्मापासून अधू. लिनक्समधलं भिंग त्यांनी दोन महिने खपून आपल्या डोळ्यांच्या मापाचं केलं होतं. माऊस जाईल तिकडं ते जायचं आणि एका वेळी जेमतेम चार अक्षरं दाखवायचं. त्याच खिडकीतून ते आमच्या प्रश्नपत्रिकांची प्रुफं वाचत. आणि मी मुहूर्त कसला साधला? नवे संचालक हरिओम सर सकाळीच बजावून गेले होते, “प्रुफाला डोळ्यानं धड माणूस लागतो. आजच्या पेपरात एक चूक निघाली, तर जलीलभाई, तुमचं काम बंद.” पेपर चारला छपाईला जाणार होता. दोन वाजले होते.

“मी वाचून दाखवतो,” मी पडेल आवाजात म्हणालो.

“न्हाई सर. तुम्ही अंदाजानं वाचता.”

त्यांनी न बघताच तीन बटणं एकदम दाबली. भिंग आलं, पण रंग, जाडी, वेग सगळं नव्यानं लावण्यात पाऊण तास गेला. मी शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीला उभा.

असा चिवटपणा त्यांनी भूकंपाच्या साली दाखवला होता. त्यांच्या अब्बांच्या छापखान्यातले खण उलथून शिशाच्या अक्षरांचे हजारो खिळे फरशीवर सांडले. बरोबरीची पोरं मैदानात तंबूंभोवती हिंडत होती आणि पंधरा वर्षांचा जलील एकेक खिळा डोळ्याला भिडवून खणात टाकत होता. तीन आठवडे! अब्बा शेवटपर्यंत मिशीला पीळ देत सांगायचे, “एक ‘घ’ ‘ध’च्या घरात गेला न्हाई.”

पावणेचारला हरिओम सर दारात.

“झालं का?”

“हाव. एक चूक हाय. तेविसावा प्रश्न. इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारात दहाचा घात उणे एकोणीस पायजे. उणे गळालंय.”

तेविसावा प्रश्न माझा होता. आम्ही चार पदवीधरांनी तो वाचून खाली सह्या केल्या होत्या. ते उणे गळालेलंच राहिलं असतं, तर एकेका इलेक्ट्रॉनवर आख्ख्या मराठवाड्याचं लोडशेडिंग मिटलं असतं.

हरिओम सरांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. “जलीलभाई,” ते हळूच म्हणाले, “उद्यापासून केमिस्ट्रीचा पेपरही तुमच्याकडंच.”

ते गेले. माझी छाती अशी फुगली, जणू ते उणे मीच शोधलं होतं! मी खुर्ची ओढली, जलीलभाईंना खेटून बसलो आणि म्हणालो, “जलीलभाई, तुमच्यासारखा माणूस आख्ख्या लातुरात नाही! मलाही एकदा या खिडकीतून बघू द्या.”

“सर, आधी माऊसवरचा हात काढा.”