मोटर भरणाऱ्याची चौकशी

त्या दिवाळीच्या सुट्टीत एसटीतून उतरले तेव्हा आई फाट्यावर उभी होती. एरवी ती कधी मला घ्यायला येत नाही, म्हणून आधी वाटलं घरात कोणीतरी आजारी असणार. तिने माझी पिशवी घेतली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "कुणी बी काय बी इचारलं तरी दादा कंपनीतच हाय म्हनायचं. ध्यानात ठेव."

दादाने कंपनी सोडून तेव्हा आठ महिने झाले होते. फाट्यावरच, आम्ही उभ्या होतो तिथून दिसेल इतक्या अंतरावर, त्याचं पत्र्याचं दुकान होतं. विहिरींच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटरी तो तिथे भरून देत असे. म्हणजे आतली जळालेली तार काढायची आणि नवी तार गुंडाळून बसवायची. कर्जत तालुक्याच्या आमच्या भागात या कामाला तोटा नाही. व्होल्टेज कमी आलं की मोटर जळते, एक फेज गेला की जळते.

अडचण अशी होती की दादाला पारनेरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगी बी.ए. झालेली. त्यांना दिलेल्या बायोडाटात 'कंपनीत नोकरी' असं लिहिलेलं होतं. तो लिहिला तेव्हा ते खरं होतं. बायोडाटा जुना आहे, खोटा नाही, असं वडील म्हणायचे, पण म्हणताना माझ्याकडे बघायचे नाहीत.

आमच्याकडे मुलीकडचे लोक सांगून येतात ते पोहे खायला. खरी माहिती काढायला त्याआधी त्यांचा एखादा माणूस न सांगता येऊन जातो. टपरीवर चहा पितो, गिरणीजवळ थांबतो, कोणाचं शिवार कुठवर आहे, पाणी किती आहे असं विचारत विचारत मुलावर येतो. माझे वडीलही एकदा चुलत बहिणीसाठी असे गेले होते. शेळी घ्यायची आहे असं निमित्त काढलं, आणि समोरच्याने भाव इतका उतरवला की मागे फिरता येईना. बहीण शेवटी दुसरीकडे दिली. शेळी मात्र आमच्या दारात आली.

त्यामुळे आता आपल्याकडे कोण कोणत्या निमित्ताने येईल याचा सगळ्यांना घोर होता. आईने टपरीवाल्याला आणि गिरणीवाल्या मावशींना विश्वासात घेतलं होतं. दादा कंपनीतच आहे, दुकान त्याचं आहे पण काम करायला कारागीर ठेवलाय, असं सांगायचं ठरलं होतं. टपरीवाल्याने तर आपल्या मनानेच दादाला सुपरवायझर करून टाकलं होतं. भांडी विकणारा आला तरी आई त्याच्या चपला बघायची. चपला नव्या असल्या की ती पाण्याचा तांब्या घेऊन पुढे व्हायची आणि काही न विचारताच कंपनीचं सांगायला लागायची.

मला हे सगळं चुकीचं वाटत होतं, पण मी ते बोलले नाही. बोलायला मला तोंड नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आणि नगरच्या होस्टेलवर मैत्रिणींना मी सांगितलं होतं की माझा भाऊ इलेक्ट्रिकल लाईनमध्ये आहे. त्यांनी त्याचा अर्थ इंजिनिअर असा घेतला. मी तो घेऊ दिला.

शिवाय माझ्याही मनात दादाबद्दल एक शंका होती. आयटीआय करून तो एमआयडीसीत लागला तेव्हा गावाने शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला होता. असं काम कोणी आपणहून सोडतं का? त्याला काढलं असावं, किंवा त्याच्या हातून काहीतरी झालं असावं. वडिलांनाही तेच वाटत असणार, कारण दादा अंघोळीला गेला की ते त्याच्या शर्टाचा वास घेत. दारूचा वास यायचा नाही. भरलेल्या तारेवर ओततात त्या वार्निशचा यायचा.

एकदा मी त्याला सरळ विचारलं. तो बेअरिंग पुसत होता. आधी नुसता हसला, मग म्हणाला की लाईनवर पट्टा चालू असायचा, चार स्क्रू बसवायचे, पुढचा नग. मागे एकजण घड्याळ घेऊन उभा. लघवीला जायचं तर आपल्या जागी आधी कोणीतरी शोधायचा. सहा महिन्यांनी ब्रेक द्यायचे, म्हणजे घरी बसवायचे, आणि परत बोलावतील की नाही या विचाराने पाचव्या महिन्यापासून त्याला जेवण जायचं नाही.

"हितं मोटर जळती," तो म्हणाला, "पन का जळली ते तरी कळतं."

मला पटलं. पण पूर्ण पटलं असं लिहिलं तर ते खरं होणार नाही.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी दादा एका विहिरीवर मोटर काढायला गेला होता आणि मी दुकानात पुस्तक घेऊन बसले होते. एक पन्नाशीचे गृहस्थ मोटरसायकलवरून आले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. मागे खताच्या गोणीत मोटर बांधलेली. त्यांनी ती उतरवली. मोटर स्वच्छ धुतलेली होती, चिखलाचा थेंब नाही. मला तिथेच खटकलं. विहिरीतून काढलेली मोटर अशी असते का?

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आमच्याकडे पाणी किती फुटांवर लागतं ते विचारलं. मग दुकान कोणाचं, किती दिवस झाले. चौकशीवाल्यांची सुरुवात अशीच असते.

"माझ्या भावाचं आहे," मी म्हणाले.

"त्योच भरतो का मोटरी?"

"नाही. तो कंपनीत असतो. इथे कारागीर ठेवलाय. दादा फक्त रविवारी बघून जातो."

"कारागीर शिकलेला हाय का?"

"कामापुरता," मी म्हणाले.

हे शब्द घरात ठरलेल्यांपैकी नव्हते, मी माझे स्वतःचे घातले. ते आपसूक आले. त्या गृहस्थांनी मोटर पुन्हा गोणीत घातली.

"कांद्याची रोपं सुकत्यात बाई," ते म्हणाले. "ठिवलेल्या मानसाच्या हातात दिऊन मला ख्येळ न्हाई करता यायचा."

ते गेले तेव्हाही मला वाटत होतं की मी चांगलं निभावलं. आता मोटर परत नेणं हेसुद्धा नाटकाचाच भाग असणार.

तासाभराने दादा आला तो मोबाईल कानाला लावूनच. पलीकडून तेच गृहस्थ बोलत होते, बाहेर मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. कंपनीत असतोस तर सकाळी फोनवर हो कशाला म्हणालास, असं ते विचारत होते. राशीनच्या रस्त्याला त्यांची वस्ती होती. कोणीतरी दादाचं नाव सांगितलं म्हणून ते मुद्दाम आले होते, आणि चांगल्या माणसाकडे वस्तू न्यायची म्हणून मोटर धुऊन आणली होती.

दादाने फोन ठेवला. माझ्या पुस्तकाकडे बघितलं.

"कामापुरता शिकलेला कारागीर," तो म्हणाला. "मग मी कोन गं?"

मी स्थळाचं सांगायला लागले, आईचं सांगायला लागले. तो ऐकत नव्हता. मोटरसायकल काढून तो त्या गृहस्थांकडे गेला, मोटर घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती भरून, त्यांच्या विहिरीत सोडून, पाणी चालू करून परतला. हात धुतले आणि आमच्यासमोरच स्थळ आणलेल्या मध्यस्थांना फोन लावला. मी नोकरी सोडलेली आहे, मोटरी भरतो, बायोडाटा बदलून घ्या, एवढंच म्हणाला.

वडील म्हणाले, "आता त्यांना वाटनार, काडून टाकला."

आणि तसंच झालं. खरं सांगितल्यावर जास्त संशय आला. मध्यस्थांचे रोज फोन यायला लागले. काढलं का? काही आजार आहे का? कुठे मारामारी केली का? कंपनीचं पत्र आहे का, सोडल्याचं? कंत्राटी कामगाराला कोण पत्र देतं. दादाकडे फक्त गेटपास होता आणि तो त्यांनी शेवटच्या दिवशी काढून घेतला होता.

माझी सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मुलीचे वडील स्वतः आले. कोणतंही निमित्त न काढता पहिल्या एसटीने आले आणि थेट दुकानात गेले. दादाने घरी चला म्हटलं तर नको म्हणाले. आईने माझ्या हाती चहा पाठवला, तोही घेतला नाही. सोयरीक ठरेपर्यंत मुलाच्या घरचं तोंडात घालायचं नाही, असं मानणारी जुनी माणसं अजून आहेत. दुकानातल्या एका डब्यावर बसून ते म्हणाले, "तुमी काम करा. मी बसतो."

दादाने काम केलं. लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळायची असते. हँडल फिरवायचं आणि वेढे मनातल्या मनात मोजायचे. एक कमी किंवा जास्त झाला तर मोटर तापते. मुलीचे वडील त्याच्या हातांकडे बघत होते, आणि अधूनमधून नाकाने वास घेत होते. माझ्या वडिलांसारखेच. बहुतेक दारूचाच वास शोधत होते. दुपार होत आली तरी ते उठले नाहीत. मी दुकानातून घरी जायला निघाले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"तू कॉलेजला हायेस नव्हं?"

"हो. शेवटच्या वर्षाला."

"मग मला एक सांग पोरी. माजी पोरगी बी तुज्यासारकीच शिकलीय. तुला आसं स्थळ आलं, हे काम करनारं, तर तू व्हय म्हनशील का?"

हँडल थांबलं नव्हतं, पण हळू झालं. मला ऐकू येत होतं.

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. हो म्हणणं दादाच्या फायद्याचं होतं, आणि दिवाळीभर आम्ही सगळे यासाठीच तर खोटं बोललो होतो. पण या माणसाने आमच्या खोट्यानंतर इतक्या लांब येऊन, चहा न घेता, अर्धा दिवस डब्यावर बसून खरं शोधलं होतं. आणि त्याच वेळी मला होस्टेलची खोली दिसली, मैत्रिणी दिसल्या, नवरा काय करतो असं विचारणाऱ्या.

"मला विचार करावा लागेल," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. दादाचं हँडल आता थांबलं होतं. त्याने साच्याकडे बघितलं, मग पूर्ण गुंडाळलेली तार उलटी सोडवायला लागला.

"काय झालं?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"मोजनी चुकली."

"अंदाजानं भरली तर?"

"चालंल की. म्हैनाभर."

त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली. मुलीचे वडील ती गुंडाळी पूर्ण होईपर्यंत बसले आणि दुपारच्या गाडीने गेले.

पाचव्या दिवशी नकार आला. मुलीला नोकरीवालाच हवाय, असं मध्यस्थांनी कळवलं. मी तेव्हा होस्टेलला होते. आईने फोनवर सांगितलं आणि मी तिला विचारलं की हे मुलगी म्हणाली की तिचे वडील. आई म्हणाली, ते आपल्याला कोण सांगतंय. मग दिवसभर मला एकच वाटत राहिलं. त्यांनी घरी जाऊन मुलीला माझं उत्तर सांगितलं असेल. तिथली शिकलेली पोरगी, सख्खी बहीण, तीसुद्धा हो म्हणाली नाही, असं.

पुढच्या महिन्यात दोन दिवस घरी गेले तर दुकानासमोर एक टेम्पो उभा होता. पारनेरहून त्या मुलीच्या वडिलांनी त्यांच्या विहिरीची मोटर भरायला पाठवली होती. टेम्पोवाला म्हणाला, ते म्हणतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको. आई पदर खोचून बाहेर आली. "पारनेरात मोटरवाले न्हाईत व्हय? पोरगी द्यायला न्हाई, मोटर बरी चालती." तिला यात अजून काहीतरी डाव दिसत होता. तो कोणता, ते तिलाही सांगता येईना.

दादाने मोटर उघडली आणि टेम्पोवाल्याला सांगितलं की तीन दिवस लागतील. मी आत वार्निशचा डबा धरून उभी होते. टेम्पोवाल्याने जाताना विचारलं, मालकांना काही निरोप द्यायचाय का.

दादा तार कापत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हनावं, नकाराचं काय वाटून घिऊ नका. आमच्या घरात बी शिकलेली पोरगी हाय. मला ठावं हाय."

हे त्याने टेम्पोवाल्याला सांगितलं की मला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्याला विचारलेलंही नाही.