खोकल्याची तबकडी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाच्या कपाटात एकाच रॉक गायकाच्या चारशे तबकड्या होत्या. त्यातही एकेक गाणं पाच-सहा तऱ्हांनी: रेडिओसाठी छोटं केलेलं, गिटार चढी ठेवलेलं, नुसत्या सरावाचं. बायकोला शिवणाच्या कापडांसाठी एक कप्पा हवा होता. शेवटी ठरलं, की ज्या दोन तबकड्यांतला फरक त्याला स्वतःलाच सांगता येणार नाही, त्यांतली एक घराबाहेर जाईल.

माणूस प्रामाणिक. महिनाभर कान लावून ऐकल्यावर त्याने जड मनाने तीस तबकड्या बाजूला काढल्या. त्या न्यायला मेहुणा पिशवी घेऊन आला.

बायकोने वरचीच तबकडी उचलली. “अहो, ही तर खोकल्याची! ही कशाला देताय?”

“कसला खोकला?”

“दुसऱ्या कडव्यानंतर तो खोकतो ना! हिच्या जोडीच्या तबकडीत नाही खोकत. तुम्हालाच ठसका लागला समजून किती वेळा पाणी घेऊन धावले मी!”

त्याने घाईघाईने तबकडी लावली. खरंच खोकला होता. वीस वर्षं तो ते पाणी निमूट पीत आला होता, खोकला मात्र त्याने कधी ऐकला नव्हता.

“बाकीच्याही जरा ऐकतेस का गं?” तो अगदी काकुळतीला आला.

“ताई, गेला तुझा कप्पा,” मेहुणा हसला.

“जातोय कुठे? आधी कप्पा, मग कान.”

त्याने तबकड्यांकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने आपले सगळे शर्ट कपाटातून काढून पलंगावर ठेवले.